टेन्शन समजतं का?
शिलाई मशिनच्या तेलाचा वास आला, की वाळूजचा तो विजेच्या मोटारींना तांब्याची वायर गुंडाळायचा कारखाना आठवतो. नोकरीसाठी गेले, तर साहेबांनी विचारलं, "बाई, टेन्शन समजतं का?" मी नाक वर करून म्हणाले, "व्हय, मशिनवर धाग्याला रोज लावते की!" आणि त्यांनी दाखवलेल्या वायर गुंडाळायच्या मशिनवर, जीन्स शिवताना आवळतात तसा ताणाचा स्क्रू आवळला. वायर तटकन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. साहेब म्हणाले, "शिलाईचं टेन्शन इथं चालत नाय, बाई. आता तुटली की सरळ घरी." माझा सगळा तोरा उतरला. मग मलमलीला ठेवतात तसा स्क्रू सैल केला, वायर बोटानं ओढून पाहिली, अन् अख्खी कॉइल भरली की हो! "उद्यापासून या," साहेब म्हणाले. अजूनही दोरा ओवला की आधी बोटानं ओढून बघते, आणि नसलेल्या मिशीवर ताव मारते.