मावशींच्या दारावरची डबी

कामासाठी सुरतला निघाले, अमळनेरला गाडीत चढले तेव्हा आईनं माझ्या ओढणीचं टोक बापूच्या मनगटाला बांधलं होतं. बापू माझा धाकटा भाऊ. अंगानं बाप्या, बुद्धीनं लेकरू. वडील गेलेले, आईची नजर अधू, म्हणून तो माझ्याबरोबर निघाला. खिडकीच्या गजाला धरून ती म्हणाली, "सुरत मोठं गाव शे. त्याना हात सोडू नको, माय."

गावात दार उघडं दिसलं की बापू चालू लागायचा, आणि कुणीतरी हात धरून आणून सोडायचं. सुरतेत, आमच्या लिंबायतच्या वस्तीत, कोण कुणाचं? पहिल्याच महिन्यात तो पार कडोदऱ्याच्या हायवेवर सापडला, ट्रकांच्या मधोमध, हसत.

मग लेआमावशी भेटल्या. अलिबागकडच्या ज्यू, मराठी आपल्यासारखीच, जरा कोकणी हेल. त्यांच्या लोकांचा छोटा ट्रस्ट एक केंद्र चालवायचा. बापूसारखी पोरं, निराधार लेकरं, नवऱ्यानं टाकलेल्या बाया, कुणालाच जात विचारली नाही. दाराच्या चौकटीवर लाकडाची बोटभर डबी तिरपी ठोकलेली, आत देवाची वचनं. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना टेकवायची, असा त्यांचा रिवाज. मावशींनी बापूला शिकवलं, "डबीला हात लाव, आणि कुणी हात धरेपर्यंत थांब." अगं बाई, पोरगा खरंच थांबायला लागला! मी निर्धास्तपणे मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागले.

एकेक करत मावशींची माणसं इस्राएलला गेली. शेवटी लेकानं त्यांनाही बोलावलं. केंद्र चालवायला कुणी उरलं नाही. जाताना मावशींनी डबी काढली. परक्या हाती पडून तिची विटंबना नको, म्हणून. बापूनं चौकट चाचपली. खिळ्यांची भोकं तेवढी बोटांना लागली. मग माझ्याकडे न बघताच तो रस्त्यावर उतरला.

मी आमच्या खोलीच्या चौकटीवर गणपतीची टाइल लावली, हळदीचा पंजा उमटवला. छे! त्याला तीच डबी हवी. परवा पुन्हा हायवेच्या वाटेवरून रिक्षावाल्यानं आणून सोडला. "बेन, आने संभाळो," याला सांभाळा असं गुजरातीत म्हणाला आणि निघून गेला.

आता मी बाहेरून कुलूप लावते. काम सोडलं तर खायचं काय? मार्केटात आगीच्या बंबाची घंटा ऐकू आली की हातातली साडी गळून पडते. आमची गल्ली तर नाही? किल्ली माझ्या कमरेला, आणि तो आत.

मावशी, तिकडच्या दारावर डबी ठोकलीत ना? आई रोज फोनवर विचारते, "हात सोडा नही ना?" मी म्हणते, "नही वं माय."

आधी घर म्हणजे गाव वाटायचं, मग मावशींचं केंद्र. आता घर म्हणजे ते कुलूप. ते लावलं की आतून बापूचा तळहात चौकटीवरून फिरताना ऐकू येतो. वर, खाली, पुन्हा वर. मग आवाज थांबतो. कुणीतरी हात धरील म्हणून तो उभा असतो, आणि मी जिना उतरते.