आत्या, स्टिरिओ आणि रंगकाम

आमच्या गाडीच्या स्टिरिओला अकरा बटणं आहेत आणि त्यांतली नऊ मला येतात, असं मी घरात जाहीर केलं होतं. आवाज वाढवणं, कमी करणं, पुढचं गाणं, मागचं गाणं, तेच गाणं पुन्हा पुन्हा लावणं (हे बहुतेक वेळा आपोआपच व्हायचं!) वगैरे. उरलेली दोन बटणं शोभेची असावीत, असं माझं मत होतं.

मे महिन्यातल्या एका सकाळी मी आत्याला घेऊन शिंदे की छावनीतल्या आमच्या घरून हजीऱ्याच्या बाजारात निघालो. तिला तिथली बेडई-जलेबी, म्हणजे डाळ भरलेली पुरी आणि जिलबी, खायची होती. आत्या उज्जैनची, निवृत्त मुख्याध्यापिका. चार दिवसांसाठी आली होती. तिसरा आठवडा चालू होता. तिला जरा कमी ऐकू येतं, म्हणून स्तोत्र फुल आवाजात लावलेलं.

"बाळ्या, हे बंद कसं करायचं रे?"

"काहीही वाजलं की हे हिरवं बटण दाब. तू फिकर नको करूस!"

(हिरवं बटण फोन उचलायचं होतं. हे मला नंतर कळलं. हजीऱ्यालाही तेव्हाच कळलं.)

दुकानासमोरच गाडी उभी केली. आत एसी चालू, आत्याकडची काच थोडी खाली. मी दोन्ही हातांत द्रोण घेऊन उभा, तोच खिशातला फोन वाजला आणि लगेच थांबला. बरं झालं, म्हटलं.

आणि रस्त्यावरून माझ्या धाकट्या भावाचा, भोपाळच्या विनूचा, आवाज आला.

"दादा! गेली का रे आत्या?"

कढईभोवतीची सगळी गर्दी वळली. हलवाई म्हणाला, "भाईसाब, आपकी गाडी बोल रही है!"

मी द्रोणांसकट धावलो, गाडीत घुसलो आणि पाकाच्या बोटाने एक शोभेचं बटण दाबलं.

"विनू, फोन ठेव!"

"हॅलो? दादा, तुझ्याकडचा आवाज बंद झाला बघ. असू दे, तू नुसतं ऐक. ती रंगकामाची थाप पचली ना? सोमवारपासून घर रंगवायचंय म्हणून आत्याच्या हातात तिकीट ठेवायचं! काय डोकं चालवलंस यार!"

मी दुसरं बटण दाबलं. आवाज वाढला.

"वहिनी तर नकोच म्हणत होती. पण तू ऐकतोस कुणाचं!"

आत्याने माझा चिकट हात बाजूला केला. चष्मा लावला, पेपर तपासावा तशी एकेक बटण वाचत गेली आणि शांतपणे एक दाबलं.

"विनू, रंग कुठला लावतायत, तेही सांग."



"आत्या! अगं, कशी आहेस? आवाज किती छान येतोय तुझा!" आणि फोन कट.

स्कूटरवरचे एक मिशीवाले गृहस्थ काचेत वाकले. "पेंटर चाहिए तो बताना, भाईसाब!"

आत्याने बेडई संपवली, जलेबी संपवली. रंगकामाची थाप मी तिला आधीच मारून ठेवली होती. मी गाडी घराकडे वळवली. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "सरळ सांगितलं असतंस, तर गेले असते रे मी."

मी मान खाली घातली. "चुकलं आत्या."

"हो ना. आता रंग पाहूनच जाईन."

सोमवारी खरोखरच रंगारी आले. पिस्ता रंग आत्याने निवडला. दोन हात पुरतील, असं रंगारी म्हणत होता. आत्याने तीन सांगितले, प्रत्येक हात नीट वाळवून. तिला काही घाई नाही.

एक मात्र झालं. मी आत्याशी खोटं बोललो, असं आता कुणाला म्हणायची सोय राहिली नाही!