बिनचिठ्ठीचा ट्रिमर

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात फर्निचरच्या एका कारखान्यात मी चार वर्षं सुपरवायझर होतो. मिरजेहून गेलेलो, तिशीच्या आतला. सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. पंजाबात तेव्हा खलिस्तानवरून माणसं मरत होती. बसमध्ये पाट्या असायच्या, बेवारस वस्तूला हात लावू नका. तपासणी नाक्यावर बस थांबली की सगळे मुकाट्याने खाली उतरायचे. माझं आडनाव ऐकून जवान बहुतेक वेळा पिशवी न बघताच मला पुढे जाऊ द्यायचा. याची मला सवय झाली होती.

कारखान्यातले मोठे मिस्त्री पन्नाशीचे शीख गृहस्थ होते. जवळच्या खरड गावाहून रोज बसने यायचे. मोजकं बोलायचे, आणि मी वयाने लहान असूनही मला बाऊजी म्हणायचे. मालकांच्या मेहुण्याने विलायतेहून एक ट्रिमर आणला तेव्हा तो मिस्त्रींनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. एका मुठीत धरता येईल एवढी मोटर, खाली चौकोनी तळ आणि त्यातून डोकावणारं बोटभर पातं.

"ये तो दांत के डॉक्टर की मशीन है," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

तोवर आमच्याकडे टेबलावर सनमायका चिकटवला की बाहेर आलेली कड कानशीने घासायची पद्धत होती. एका टेबलाला अर्धा तास जायचा, आणि जरा घाई झाली की कपचा उडायचा. ट्रिमरच्या पात्याला टोकाशी एक छोटी बेअरिंग होती. ती लाकडाच्या कडेवरून धावायची आणि पातं वरचा जादा सनमायका साफ कापून टाकायचं. दुसरं पातं लावलं की लाकडाची धारदार कड गोल व्हायची. पण यंत्र हलकं आणि वेग भयंकर. पातं फिरतं त्याच दिशेने नेलं की ते हातातून पळायचं, कोपऱ्यावर क्षणभर रेंगाळलं की लाकूड जळायचं.

मिस्त्री आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत रद्दी फळ्यांवर एकटेच खटपट करत बसले. मग त्यांनी आपली पकड शोधली. अंगठा आणि दोन बोटांत यंत्र धरायचं, उरलेली दोन बोटं फळीवर टेकवून सरकवत न्यायची. जोर बोटांचा, मनगट सैल. नंतर ते शिसवीच्या कपाटांवर वेलीसारखी नाजूक खाच मारायला लागले, आणि त्यांच्याशिवाय ट्रिमरला कुणी हात लावायचं नाही असं ठरूनच गेलं.

आमच्या भाड्याच्या खोल्यांत मी उरलेल्या प्लायवूडचं एक टेबल करून नेलं होतं. त्याच्या कडा तशाच राहिल्या होत्या. एका संध्याकाळी मुलगी धावताना कोपऱ्यावर आदळली आणि कपाळाला तीन टाके पडले. शनिवारी मिस्त्रींना हे सांगून मी म्हटलं, "उद्या घरी येऊन तेवढ्या कडा गोल करून द्याल?"

"गुडिया का काम है," ते म्हणाले. "सवेरे आ जाऊंगा."

कारखान्यातली कुठलीही वस्तू गेटबाहेर न्यायची तर चिठ्ठी लागायची, आणि चिठ्ठी द्यायचं काम माझंच होतं. मी दिली नाही. चिठ्ठीची दुसरी प्रत मालकांच्या टेबलावर जायची, आणि विलायती यंत्र मी घरच्या कामाला वापरतो हे त्यांना कळायला नको होतं. मिस्त्रींनी विचारलं, "पर्ची, बाऊजी?" मी म्हटलं, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे." त्यांनी ट्रिमर जुन्या पगडीच्या कापडात गुंडाळला आणि थैल्यात ठेवला.

रविवारी ते आले नाहीत. मी चिडलो. सोमवारी कामावरही आले नाहीत.

सोमवारी दुपारी जीप आली. एक फौजदार आणि एक हवालदार मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि मला बोलावणं आलं. टेबलावर ट्रिमर होता. मागचं झाकण उचकटलेलं, वायर कापलेली.

"हे तुमचं?" फौजदाराने विचारलं. "बसमध्ये एका सरदाराच्या थैल्यात मिळालं. मोटर, वायर, कापडात बांधलेलं. कागद नाही. म्हणतो, बाऊजीने दिलं."

मालक माझ्याकडे बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की हो, मीच दिलं. ते शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्या दिवसांत एकदा नाव लिहिलं गेलं की ते कुठून कुठे जाईल याचा नेम नव्हता. शिवाय नोकरी होती.

"यंत्र कारखान्याचं आहे," मी म्हणालो. "बाहेर कसं गेलं, मला माहीत नाही."

फौजदाराने ते लिहून घेतलं आणि जीप निघून गेली. मी शेडमध्ये परतलो आणि सुट्टी होईपर्यंत मापं तपासत राहिलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती मुलीला भरवत होती. तिचा हात थांबला.

"अहो, ते आपल्या कामासाठी येत होते."

"मला ठाऊक आहे."

"मग इथे काय बसलात?"

मी म्हटलं, आता अंधार पडलाय, रस्त्याने कुणी जाऊ देणार नाही, सकाळी जातो. हे खरंही होतं. तिने मुलीला पुढचा घास भरवला.

सकाळी मालकांना गाठून सगळं कबूल केलं. ते शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "गाडीत बस." चौकीत त्यांनी स्वतः लिहून दिलं की यंत्र कारखान्याचं आहे आणि माणूस वीस वर्षं आपल्याकडे आहे. खाली मी सही केली. तीन तासांनी मिस्त्रींना बाहेर आणलं. पगडी नव्हती, केस पाठीवर मोकळे सुटले होते, उजवा हात छातीशी धरलेला. मालकांनी आपल्या गळ्यातला मफलर काढून त्यांच्या डोक्याला गुंडाळला.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "बाऊजी, गुडिया दा मत्था ठीक है?"

मी मान हलवली.

उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. ती वाकडी जुळली. दीड महिन्याने ते कामावर आले. ट्रिमर दुरुस्त होऊन आला होता. सगळ्यांसमोर त्यांनी तो उचलला, एका टेबलाच्या कडेला लावला आणि चालू केला. हातभर नीट गेला. मग पकड सुटली, पातं उसळलं आणि सनमायकात बोटभर लांब घाव पडला. त्यांनी बटण बंद केलं, प्लग काढला, अंगावरचा भुसा झटकला आणि मालकांना नमस्कार करून निघून गेले. मालकांनी दोनदा निरोप पाठवला. ते आले नाहीत.

घरच्या टेबलाच्या कडा मी एका रविवारी कानशीने घासून काढल्या. चांगल्या झाल्या नाहीत.

हिवाळा संपता संपता मी खरडला गेलो. ते भावाच्या लाकडाच्या वखारीत खुर्ची टाकून बसले होते. आलेल्या ओंडक्यांची मापं डाव्या हाताने वहीत मांडत होते. त्यांनी मला बसायला वेताचा मोडा दिला, चहा मागवला. चहा आल्यावर मी म्हणालो, "मिस्त्रीजी, त्या सोमवारी मी फौजदाराला सांगितलं की मला माहीत नाही."

"पता है," ते म्हणाले. "पुलिसवालों ने आकर मुझे पढ़ के सुनाया." त्यांनी कप खाली ठेवला. आवाजात राग नव्हता, कुणाला तरी लाकडाचं माप सांगावं तसं ते बोलत होते. "उससे पहले सिर्फ थप्पड थे, बाऊजी. उंगलियां उसके बाद."

मागे वखारीत करवत चालू होती. माफी मागायची असं ठरवून मी घरून निघालो होतो. ती मागितली नाही. माफी मागून मी त्यांच्याकडून माफ करण्याचं आणखी एक काम करून घेतलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही माझं मत ठाम नाही. कदाचित तेव्हाही मी घाबरलोच असेन.

मला सोडायला ते बसस्टँडपर्यंत आले. नको म्हटलं तरी आले. बस उशिरा आली. तोवर ते शिसवीच्या भावाबद्दल आणि ओल्या लाकडाबद्दल बोलत होते. बस लागली तेव्हा त्यांनीच आधी सत श्री अकाल म्हटलं. त्यानंतर दोन वर्षं मी चंदीगडात होतो, खरड जेमतेम तासाभराच्या अंतरावर होतं. मी पुन्हा गेलो नाही.