पाठ फिरवून देणारे काका

घरच्या माणसाला पैसे देताना आमचे काका पाठ फिरवत. त्यांच्या देवघरात विठोबाच्या पायाशी एक पितळी डबा असे. पुतण्या-भाच्यांपैकी कुणी अडला की काका त्याला देवघरात धाडत आणि स्वतः परसात पाय धुवायला जात. किती घेतले, हे कधी विचारत नसत. परत आणणाऱ्यानेही तसेच गुपचूप टाकायचे. काकांचे पाय एवढे स्वच्छ का, हे म्हैसूरमधल्या आमच्या साऱ्या गोतावळ्याला ठाऊक होते.

काका शिंपी. गिऱ्हाइकाला शिलाईतला शेवटचा रुपया सोडत नसत. "गिऱ्हाइकाने बुडवले तर पैसे जातात," ते म्हणत. "नात्यात मोजत बसलं तर माणूस जातो." मला हे भाबडे वाटे. मी कोथिंबिरीच्या जुडीसाठीही कानडीत तीनदा भांडणारा.

एकदा मी डब्यातले पैसे मोजून ठेवले. नंतर काकांचा दुसरा पुतण्या, माझा चुलतभाऊ शरद देवघरात जाऊन आला, तेव्हा पुन्हा मोजले. चार हजार कमी. तेव्हा गप्प बसलो. पण पुढे काकांकडे एका सणाच्या पंगतीत शरद माझ्याकडे बघून म्हणाला, "हा लग्नात सासऱ्याकडे अक्षतांचा पण हिशेब मागेल!" सगळे हसले. मी भडकलो. "तू आधी डब्यातले चार हजार भर, मग बोल!"

शरदची बायको वाढत होती. तिचा हात तसाच थांबला. शरद भरल्या पानावरून उठला, आणि त्यानंतर त्या घरात आला नाही. काका मला एवढेच म्हणाले, "साकु रे. तुझं मोजणं साकु." पुरे झाले, हे सांगायला त्यांना कानडीच लागे.

दोन वर्षांनी शहराबाहेर हिनकलला गाळा मिळत होता. मला पडद्याच्या कापडाचे दुकान काढायचे होते. डिपॉझिटला चाळीस हजार कमी पडत होते. मी काकांकडे गेलो. ते पाय धुवायला उठले नाहीत. देवघराच्या दारातच बसून राहिले.

"काका, व्याजासकट परत देईन."

"देशील रे, भीती त्याची नाही. उद्या चारचौघांत सांगशील, मी फेडले आणि शरदने नाही. तुला नाही द्यायचा मी."

"चोरी केली का मी? नुसते मोजले!"

"तेच."

मी महिना तीन टक्क्यांनी बाहेरून पैसे उचलले आणि एकेक रुपया फेडला. दुकान उघडले त्या दिवशी काका आले. दर्शनी पडदा त्यांनी स्वतः शिवून आणला होता. मी शिलाई विचारली आणि हातावर मोजून ठेवली. वाटले, आता तरी नको म्हणतील. त्यांनी गिऱ्हाइकाची घेतात तशी ती मोजून घेतली आणि खिशात टाकली. ते मला अजून टोचते.

काका गेले गेल्या वर्षी. तेराव्यानंतर काकूने डबा माझ्या हातात दिला.

"मला? शरदला द्या ना."

"तुलाच दे म्हणाले. भरायची ऐपत तुझीच आहे म्हणे. बाकीचं शिकलास तर शिकलास."

मरतानाही माणसाने टोमणा सोडला नाही. मी रागारागाने डबा भरला आणि देवघरात ठेवून दिला.

गेल्या महिन्यात शरद आला. केस पिकलेले. चपला काढून उंबऱ्यातच उभा राहिला. "मुलीची फी भरायची आहे," तो खाली बघून म्हणाला. "डबा तुझ्याकडे आहे म्हणे."

माझ्या जिभेवर खूप काही आले होते. मी देवघराकडे बोट दाखवले आणि उठलो. आमच्या फ्लॅटला परस नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. झाकणाचा आवाज ऐकू आला, मग बाहेरचे दार लागले.

"अहो, पाणी किती वाया घालवताय!" बायको ओरडली.

काकांवरचा राग गेलेला नाही. पण नळ बंद केला तर मी सरळ मोजायलाच जाईन, हे मला ठाऊक होते. म्हणून पाय धूत राहिलो.