उरलं तर भात

“चप्पल काढ आणि चढ काट्यावर,” मॅडम म्हणाल्या. रोह्याच्या त्या हॉलमध्ये तीसेक बायका खुर्च्यांवर बसलेल्या. मी चढले. अंगावर साडी होती, तरी उघडं केल्यासारखं वाटलं.

“छत्तीस किलो! दोन बाळंतपणं झालीत हिची. बघा कंबर.” मॅडमनी माझा पदर बाजूला सारला. पुढच्या रांगेतल्या एकीने उठून माझं मनगट बोटांत धरून बघितलं. बाजारात कोंबडी चाचपतात तसं. “नशीबवान आहेस हो,” ती म्हणाली.

“रात्री काय खातेस, सांग सगळ्यांना.”

“उरलं तर भात.”

“ऐकलंत? उरलं तर! याला म्हणतात पोर्शन कंट्रोल.”

टाळ्या पडल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

पेणला रामवाडीत मॅडमचा वजन उतरवायचा क्लास; रोह्याला त्याचंच शिबिर होतं. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. मेटाबॉलिझम हा शब्द मी तिथेच शिकले. पोटातली भट्टी पेटवायची म्हणे! नाचणीची आंबील, कुळथाचं कढण, मोडाचे मूग, आल्याचं पाणी, सगळं माझ्या हातचं. चव बघायला मात्र मनाई. “तुझ्या तोंडाला लागलेला चमचा माझ्या भांड्यात नको,” असं पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. मीठ अंदाजाने घालायचे. उरलेली आंबील सिंकमध्ये ओतायची, तीही मीच.

शाळेत माझ्या डब्यातली नाचणीची काळी भाकरी बघून पोरी नाकं मुरडायच्या. आता नाचणीला मान आलाय आणि आम्हाला ती परवडत नाही. घरी रेशनचा तांदूळ. आधी नवरा जेवणार, मग सासू, मग पोरं, शेवटी मी. असं कुणी सांगितलं नव्हतं. रीतच तशी. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली होती, अंगात रक्तच नाही, पोटभर खात जा. मी मान डोलावून घरी आले होते.

त्या दिवशी रोह्याहून गाडीने येऊन आमच्या गावी, कासूला उतरले तर डोळ्यांपुढे अंधारी. फलाटावरच बसले. घरी पोहोचून पोरांना वाढलं. धाकट्याने अजून भात मागितला. पातेल्यात नव्हता. बारा वर्षांच्या लेकीने आपलं ताट त्याच्याकडे सरकवलं.

“मला भूक नाय गो आई.”

खोटं बोलत होती. हुबेहूब माझ्यासारखं. हे तिला कुणी शिकवलं? मी शिकवलं. उद्या हीसुद्धा कुणाच्या तरी काट्यावर चढेल आणि तिच्या हाडांना लोक टाळ्या वाजवतील.

आठ दिवसांनी रामवाडीत नवी बॅच. मॅडमनी कागद दिला, पाठ कर म्हणाल्या. मी रोज आंबील पिते, आल्याचं पाणी घेते, असलं काहीबाही. बायका जमल्या. काटा पुढे आला. मी चढले नाही.

“यातलं मी काय पन खात नाय,” मी म्हणाले. कागद बायकांसमोर धरला. “मला मिळतच नाय. मी उपाशी हाय, म्हनून बारीक हाय. याला टाळ्या नका वाजवू.”

मॅडम दातओठ खात म्हणाल्या, “खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?”

“तुमच्या घरात मी खाल्लं कधी?”

काम त्याच दिवशी गेलं. मॅडमनी चार ठिकाणी फोन केले असणार, कारण रामवाडीत आता मला कुणी दारात उभं करत नाही. नवं काम मागायला जाते तिथे दुपारच्या जेवणाचं आधी बोलते. बायका दार लावून घेतात. तांदळाच्या डब्यात हात घालताना रोज भीती वाटते. उद्याचं काय, मला ठाऊक नाही.

पण ताटं आता एकदम वाढते. पाच ताटं, सारखी. सासू पुटपुटली. नवरा म्हणाला, “तू मागनं जेव.” मी “नाय” म्हटलं आणि त्याच्या समोरच बसले. लेकीला शेजारी बसवलं. तिचं ताट सरकू लागलं की मी हात धरते.

उपास पडायचाच असेल तर पाचही जणांना पडेल. माझ्या लेकीच्या एकटीच्या वाट्याला मी तो येऊ देणार नाही.