नलू सिस्टरनी कुणाला सांगितलं?

नलू सिस्टर गेल्याचं मला वाणगावच्या बाजारात भाजीवालीकडून कळलं. वाईट वाटलंच, पण त्याआधी मनात जे आलं ते लिहिताना लाज वाटते... चला, आता ती गोष्ट कुणाला कळणार नाही.

सहा वर्षांपूर्वी इरा झाली तेव्हा आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. उपकेंद्राच्या नर्स म्हणून सिस्टर बाळाचं वजन करायला यायच्या. मला तेव्हा सगळ्यांचाच संशय यायचा. सासूबाईंनी इराला उचललं तरी वाटे, आता मला वाईट आई ठरवून हिला काढून घेणार. त्यात सिस्टर छापील कागदावरचे प्रश्न विचारू लागल्या. रडू येतं का, झोप लागते का, जीव नकोसा होतो का... मी सगळ्याला 'नाही' म्हटलं.

आठवड्याने त्या पुन्हा आल्या. सासूबाईंना चहा टाकायला पाठवून हळूच म्हणाल्या, "मॅडम, सगळ्यालाच नाही असं कुणी म्हणत नाही. मीसुद्धा म्हणणार नाही."

"हा कागद कुठे जातो?"

"डॉक्टरांकडे. बाकी कुणाकडे नाही."

विश्वास बसला नाही, तरी तोंडून निघून गेलं... क्वार्टरमागच्या विहिरीकडे मी इराला घेऊन जात नाही, माझाच मला भरवसा वाटत नाही. त्या दचकल्या नाहीत. "आजार आहे हा, बरा होतो," म्हणाल्या. मला विचारून नवऱ्याला बोलावलं आणि त्याच दुपारी आम्हाला डहाणूला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांचाही मला संशय; अंगावरच्या दुधाला चालतील ना, हे डॉक्टरांकडून तीनदा वदवून घेतलं. काही महिन्यांनी एका सकाळी इरा हसली आणि मलाही हसू आलं.

बरी झाले, पण तो एक संशय राहिलाच. बाजारात दोघी कुजबुजल्या की वाटे, सिस्टर बोलल्या असणार. त्या समोरून आल्या की मी रस्ता बदलायचे. त्यांना ते दिसत असणार... त्यांनी कधी हाक मारली नाही.

परवा धीर करून कैनाडला त्यांच्या घरी गेले. ओसरीवर त्यांचे यजमान होते, भारी बोलका माणूस. आलेल्या प्रत्येकाची नलूशी कशी ओळख, ते सांगत होते. मी नाव सांगितलं तेव्हा मात्र अडखळले. "ताई, तुमची ओळख कुठली? नलूच्या तोंडून तुमचं नाव कधी ऐकलं नाही."

मी म्हटलं, "बाळंतपणानंतर मला डिप्रेशन आलं होतं. त्यांनी ते ओळखलं."

ओसरीवर आणखी चार माणसं बसली होती. मी आवाज खाली आणला नाही.