एक्कावन्नावं पान

जेवणानंतरचं सत्र म्हणजे झोपेचं सत्र, हे ग्रंथपालांना कोणी वेगळं सांगायला नको. पोटात मसालेभात आणि दोन वाट्या मठ्ठा, पडद्यावर पन्नासांपैकी अकरावी स्लाइड, आणि मार्गदर्शन करायला आलेले गृहस्थ ती अक्षरन् अक्षर वाचून दाखवतायत. सुषमा हंगरगे तिसऱ्या रांगेत बसली आहे. ही तिची बाविसावी कार्यशाळा. घरी भाजी आणायला चर्चासत्रांच्या सोळा पिशव्या आहेत, फोनवर ग्रंथपालांचे नऊ गट आहेत आणि नऊही गटांत रोज सकाळी सुप्रभात येतं. ओळखी वाढवा, संपर्क ठेवा, असं प्रत्येक उद्घाटनाला सांगतात. ओळखी वाढल्या, पण अडीनडीला फोन करावा असा त्यात एकही माणूस नाही. तिला या सगळ्याचा कंटाळा आलाय, अगदी हाडांत मुरलेला.

आज मात्र जागं राहायला हवं. हे सत्र संपलं की तिला स्वतःचा निबंध वाचायचा आहे. जिल्ह्यातल्या जुन्या वर्तमानपत्रांची गाववार सूची, बारा हजार नोंदी. निबंधावर एकटीचं नाव असेल तर बढतीसाठी पूर्ण गुण, दोघांचं असेल तर वाटून. तिला नेमके तेवढेच गुण कमी पडतायत आणि पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. नोंदी मात्र तिच्या नाहीत. त्या केल्या तिच्याच ग्रंथालयातले शिपाई निवृत्ती भालशंकर यांनी, सव्वीस वर्षं, दुपारच्या डब्याच्या वेळेत. भालशंकरमामांना जाऊन दोन वर्षं झाली. "मेलेल्या माणसाला गुण घेऊन काय करायचंय?" असं शेजारच्या कॉलेजचे तांदळे सर सकाळी चहाला म्हणाले, आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते पटलं. बारावी स्लाइड येते. तिच्या पापण्या जड होतात.

"झोपायलात का मॅडम?"

शेजारच्या खुर्चीवर भालशंकरमामा बसलेत. खाकी शर्ट, गळ्यात कोरा बिल्ला. चेहरा भरलेला आहे, कामावरच्या शेवटच्या दिवसांसारखा सुकलेला नाही. सुषमाला नवल वाटत नाही, नुसतं बरं वाटतं.

"मामा, तुम्हाला कोणी बोलावलं इथं?"

"आमाला कोण बोलवायलंय? शिपायाला कार्यशाळा नसती. दार उघडं दिसलं, आलो."

गृहस्थ अजून स्लाइड वाचतायत, पण आता कपाटांच्या पलीकडून. खुर्च्यांच्या रांगा गेल्यात, तिथं तिच्या ग्रंथालयातली लोखंडी रॅक उभी आहेत. मधल्या बोळात चहाचं टेबल लावलंय. माणसं कप सांभाळत एकमेकांचे नंबर घेतायत, हसतायत. मामांकडे कोणी बघत नाही. मामा फडक्यानं एकेक पुस्तक पुसत पुढं सरकतात आणि ती त्यांच्या मागून चालते.

"तुम्ही दवाखान्यात होतात, मग गेलात, तरी मी आले नाही," ती म्हणते.

"कोर्स होता न तुमचा."

"एकवीस दिवसांचा. एक दिवस चुकला तरी प्रमाणपत्र देत नव्हते."

"भेटलं न पण?"

"मिळालं."

"मंग झालं की."

मामा हे मनापासून म्हणतात, आणि तेच तिला सोसत नाही. त्यांनी एकदा तरी टोचून बोलावं. तेवढं तरी त्यांचं देणं लागतेच ती.

बोळ संपतो तिथं दवाखान्याचा वॉर्ड आहे. खाटांवर चादरीच्या जागी हजेरीपत्रकं अंथरलीत. मामा एका खाटेवर मांडी घालून बसतात. समोरचं स्टूल रिकामं आहे. सुषमा त्यावर बसते. दोन वर्षं उशिरा का होईना, बसते.

"दावा की, काय वाचणार हाव ते."

ती निबंध पुढं करते. मामा बोट ओलं करून पानं उलटतात, शेवटापर्यंत जातात, पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

"एक्कावन्न कुठंय?"

त्यांच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाच्या एक्कावन्नाव्या पानावर दाखल क्रमांक बारीक अक्षरात घालायची रीत आहे. चोर पहिलं पान फाडतो, शिक्का खरवडतो, पण या पानाची त्याला खबर नसते. ते आकडे सव्वीस वर्षं मामांनीच घातले.

"नऊच पानं आहेत, मामा. निबंधाला गुप्त पान नसतं."

"नसतं?" मामांना हे नवीन आहे. "मंग पयलं पान फाडल्यावर कुनाचं हाय ते वळखायचं कसं?"

"मी थकले हो, मामा. एवढी बढती मिळाली की पुन्हा कुठल्या कार्यशाळेला जायचं नाही मला. एवढी एकदा मिळू दे."

"घ्या की. मी कुठं नको म्हनलो?" मामा कानावरची पेन्सिल काढून तिच्या हातात देतात. "फकस्त खूण करून ठिवा. हरवलं तर सापडायला बरं."

पेन्सिल कोमट आहे.

टाळ्यांच्या आवाजानं सुषमा दचकते. दिवे लागलेत, गृहस्थांना शाल आणि नारळ दिला जातोय. तोंडात मठ्ठ्याची आंबट चव आहे. निबंध मांडीवर उघडा आहे आणि पहिल्या पानावर, शीर्षकाच्या खाली, तिच्या छापील नावाच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय: निवृत्ती भालशंकर. गोल, सरळ, सुटी अक्षरं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सूचीची कार्डं लिहायला तिला मामांनीच शिकवलं होतं, त्यामुळे हे अक्षर तिचं की त्यांचं, कोणालाच सांगता येणार नाही. ती खुर्चीखाली बघते, पिशवी उलटी करते. पेन्सिल कुठंच नाही.

"चला मॅडम, तुमचाच नंबर," तांदळे सर मागून वाकतात. त्यांची नजर पानावर पडते. "अहो, हे काय? खोडून टाका. पेन्सिलीचंच तर आहे."

सुषमा पर्समधून पेन काढते, निबंध मांडीवर नीट धरते आणि 'नि'पासून गिरवायला लागते. माइकवरून तिचं नाव पुकारतात. दुसऱ्यांदा पुकारतात तेव्हा ती 'भाल'पर्यंत आलेली असते.